नेटवर्क तुटलं की आधी कुठे पाहायचं: प्रॉक्समॉक्स व्हीईचं परीक्षण

व्हर्च्युअलायझेशनच्या, म्हणजे एका सर्व्हरवर अनेक आभासी संगणक (व्हीएम) चालवणाऱ्या, सॉफ्टवेअरचं परीक्षण वाचायला घेतलं की व्हीएम किती झटपट तयार होते आणि बॅकअपचं बटण कुठे आहे, यातच निम्मा मजकूर संपतो. माझ्या कामात नवी व्हीएम कधीमधी करावी लागते. नेटवर्क कुठे अडलंय हे शोधणं मात्र सततचं. त्यामुळे प्रॉक्समॉक्सकडे मी एकाच प्रश्नातून पाहते. क्लस्टरमध्ये, म्हणजे एकत्र जोडलेल्या सर्व्हरांमध्ये, संपर्क तुटला आणि चार ठिकाणांहून एकदम फोन आले, तर आधी कशाला हात घालायचा हे कळायला हे सॉफ्टवेअर कितपत उपयोगी पडतं?

ज्यांनी ते वापरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. व्हिएन्नातल्या कंपनीचं हे सॉफ्टवेअर २००८ पासून आहे. पायाला डेबियन लिनक्स, व्हीएमसाठी केव्हीएम, कंटेनरसाठी, म्हणजे व्हीएमहून हलक्या कप्प्यांसाठी, एलएक्ससी, आणि सगळा कारभार ब्राउझरमध्ये ८००६ पोर्टवर. सोर्स कोड खुला आहे, एजीपीएल लायसन्सखाली.

माझं मत आधीच सांगून टाकते. बिघाड शोधायला इतकं उघडं सॉफ्टवेअर मला दुसरं मिळालेलं नाही. पण आधी काय तपासायचं आणि नंतर काय, हे ते सांगत नाही. तो क्रम चालवणाऱ्याला ठाऊक असावा लागतो, आणि क्रम चुकला तर एका व्हीएमची तक्रार सगळ्या क्लस्टरची होऊन बसते. म्हणून या क्रमावरच मी जास्त लिहिणार आहे.

तक्रार नेहमी व्हीएमच्या नावाने येते. हिशेबाचा सर्व्हर उघडत नाही, मेल जात नाही, अमुक फोल्डर दिसत नाही. मग त्या व्हीएममध्ये शिरून बसायचा मोह होतो. पण नळाला पाणी येत नाही म्हणून नळ खोलत बसण्याआधी टाकी बघावी, तसं इथे आधी कोरोसिंक बघावं. नोड, म्हणजे क्लस्टरमधले सर्व्हर, एकमेकांच्या संपर्कात आहेत की नाहीत हे ही सेवा ठरवते. नोडची निम्म्याहून जास्त मतं एका बाजूला असली की क्वोरम, म्हणजे निर्णय घेण्याइतकं बहुमत, आहे. क्वोरम गेला की क्लस्टरचं सगळं कॉन्फिगरेशन जिथे असतं ती 'ईटीसी पीव्हीई' डिरेक्टरी फक्त वाचण्यापुरती उरते. चालू व्हीएम चालत राहतात, पण नवी सुरू होत नाही, कुणाचं सेटिंग बदलता येत नाही. इथवर निभावून नेता येतं.

खरा धोका हाय अव्हेलेबिलिटी (नोड पडला की व्हीएम आपोआप दुसऱ्या नोडवर उठवणारी सोय) लावलेली असली तर असतो. ज्या नोडवर अशा व्हीएम चालू आहेत, त्याचा क्वोरम गेला आणि ६० सेकंदांत परत आला नाही, तर वॉचडॉग हा पहाऱ्याचा टायमर तो नोड रीसेट करतो. हे हेतुपुरस्सर आहे, कारण तीच व्हीएम दुसऱ्या नोडवर उठवण्याआधी पहिली नक्की बंद झालेली असली पाहिजे. पण बिघाड कोरोसिंकच्या स्विचमध्येच असेल तर सगळेच नोड एकमेकांना हरवून बसतात आणि सगळेच रीसेट होऊ शकतात. तेव्हा एका व्हीएमच्या पिंगमागे घालवलेलं एक मिनिट फार महाग पडतं.

म्हणून पहिली आज्ञा 'पीव्हीईसीएम स्टेटस'. त्यात 'क्वोरेट' पुढे 'येस' दिसलं की पुढे जायचं. त्यानंतर 'कोरोसिंक सीएफजीटूल', म्हणजे प्रत्येक लिंक कुठल्या नोडशी जोडलेली आहे आणि कुठली तुटलेली आहे ते कळतं. मग कोरोसिंकचा लॉग. त्यात 'रीट्रान्समिट लिस्ट' अशा ओळी एकामागून एक येत असतील तर लिंक तुटलेली नाही, पण पॅकेट हरवतायत किंवा उशिरा पोचतायत. या ओळी मी कधीही दुर्लक्षित करत नाही. कोरोसिंकला बँडविड्थ फारशी लागत नाही, एक गिगाबिटचं कार्डही पुरतं. त्याला लागतो तो वेळेवर पोचणारा निरोप. नोडनोडमधला विलंब ५ मिलिसेकंदांच्या आत असावा असं प्रॉक्समॉक्सच्या मॅन्युअलमध्येच लिहिलेलं आहे. बॅकअप किंवा स्टोरेजची वाहतूक त्याच तारेवरून सोडली की हा विलंब वाढतो, आणि वाढतो तो नेमका सगळे बॅकअप सुरू होतात त्या वेळी. दिवसा तपासाल तर सगळं ठणठणीत.

इथे प्रॉक्समॉक्सला पूर्ण गुण द्यायला हवेत. २०१९ मध्ये आलेल्या ६.० आवृत्तीपासून कोरोसिंक क्रोनोसनेट या वाहतुकीच्या थरावर चालतो. त्याआधी मल्टिकास्ट (एकच निरोप एकदम अनेकांना पाठवणं) लागायचं, आणि स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग (मल्टिकास्ट कुणाला हवं ते टिपणं) चालू पण ते विचारत राहणारा क्वेरिअर कुठेच नाही अशी स्थिती असली की काही मिनिटं बरं चालून क्लस्टर तुटायचा. आता साधं युनिकास्ट, म्हणजे एकाकडून एकालाच निरोप, पुरतं, आणि एका क्लस्टरला ८ पर्यंत लिंक देता येतात. प्रत्येक लिंकला प्राधान्याचा आकडा द्यायचा, मोठा आकडा असलेली लिंक आधी वापरली जाते, ती पडली की पुढची. मी दोन लिंक दोन वेगळ्या स्विचवरून नेते आणि कोरोसिंक एलएसीपीच्या बाँडवर (अनेक तारा एकत्र बांधून केलेल्या जोडणीवर) एकट्याने टाकत नाही. बाँडची एक तार गेल्यावर ती बाजूला काढायला जो वेळ जातो, तेवढा धीर कोरोसिंकला नसतो.

पण याच ठिकाणी माझी सगळ्यांत मोठी तक्रार आहे. ब्राउझरमधल्या क्लस्टरच्या पानावर नोडची नावं, मतं आणि लिंकचे पत्ते दिसतात. लिंक या क्षणी जिवंत आहे की मेलेली, ते दिसत नाही. दोनपैकी एक लिंक गेली तरी वरवर सगळं हिरवं राहतं, कारण दुसरीवर काम चाललेलं असतं. दुसरी पडल्यावरच कळतं की आपण गेले कित्येक दिवस एका तारेवर उभे होतो. ज्या क्लस्टरवर लोकांचं रोजचं काम चालतं, तिथे ही माहिती पहिल्या पानावर हवी. सध्या मी 'कोरोसिंक सीएफजीटूल'चीच आज्ञा ठरावीक वेळाने चालवून उत्तर देखरेखीच्या सिस्टिममध्ये पाठवते.

चिन्हांचंही तसंच. नोडच्या नावावर लाल फुली आली तर तो नोड क्लस्टरमधून बाहेर पडलेला आहे, कोरोसिंकचा प्रश्न आहे. करडं प्रश्नचिन्ह आलं तर मामला वेगळा. नोड क्लस्टरमध्ये आहे, पण त्याची आकडेवारी गोळा करणारी 'पीव्हीईस्टॅटडी' ही सेवा अडकलेली आहे. बहुतेक वेळा ती एखाद्या न बोलणाऱ्या स्टोरेजवर खोळंबलेली असते, एनएफएसचा (नेटवर्कवरून फाइली देणारा) सर्व्हर मान टाकतो तेव्हा तर हमखास. स्क्रीनवर हा फरक कुठेही लिहिलेला नाही. नवा माणूस प्रश्नचिन्हांची रांग पाहतो, नेटवर्क गेलं असं समजतो आणि स्विचकडे धावतो. चिन्हावर माउस नेल्यावर एक ओळ दिसली असती तरी कितीतरी धावपळ वाचली असती.

कोरोसिंक धड आहे हे कळलं की दुसरा नंबर स्टोरेजच्या नेटवर्कचा. डिस्क नेटवर्कवर असेल तर स्टोरेज अडकल्यावर सगळ्या व्हीएम एकदम गोठतात, आणि बाहेरच्याला तेही 'नेटवर्क गेलं' असंच दिसतं. इथे मी एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, पाहिल्याशिवाय पुढे जात नाही. स्टोरेजसाठी ९००० चा एमटीयू ठेवला आणि वाटेत एखादा पोर्ट १५०० वर राहिला, तर साधा पिंग व्यवस्थित जातो, कनेक्शन लागतं, आणि खरा डेटा सुरू झाला की सगळं थिजतं. तपासायचं असं: पिंगला पॅकेटचे तुकडे करायची मनाई करायची आणि आकार ८९७२ बाइटांचा द्यायचा. ९००० मधून आयपी हेडरचे २० आणि आयसीएमपीचे ८ वजा केले की तेवढे उरतात. साधा पिंग जातोय आणि हा जात नाही, एवढं कळलं की वाटेतला एकेक पोर्ट पाहायचा. व्हीएक्सलॅन (एका नेटवर्कच्या आत चालणारं दुसरं आभासी नेटवर्क) वापरत असाल तर आवरणाला ५० बाइट जातात, म्हणून १५०० च्या नेटवर्कवर व्हीएमला १४५० च द्यायचा. हा आकडा विसरल्यामुळे छोटी पानं उघडतात आणि मोठी अर्धवट लटकतात अशा तक्रारी येतात, आणि लोक उगाच वेब सर्व्हरला दोष देत बसतात.

तारेचं आरोग्य बघायला डेबियनची नेहमीची साधनं हाताशी आहेतच. 'इथटूल' च्या आकडेवारीत सीआरसीच्या (वाटेत बिघडलेल्या डेटाच्या) चुका वाढत असतील तर तार नाही तर मॉड्यूल बदलायचं, पुढे वाद नको. एलएसीपीचा बाँड असेल तर 'प्रॉक नेट बाँडिंग' मधली फाइल वाचायची. समोरच्या भागीदाराचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) सगळा शून्य दिसला तर स्विचच्या बाजूला एलएसीपी लावलेलंच नाही. या बिघाडाची खूण अशी की काही लोकांचं चालतं, काहींचं चालत नाही, आणि कुणाचं चालेल याला वरवर काही नियम दिसत नाही. खरं तर नियम असतो. पत्त्यांवरून हॅश काढून कुठल्या तारेवर पॅकेट टाकायचं ते ठरतं, आणि ज्यांचं पॅकेट चुकीच्या तारेवर जातं ते अडकतात. प्रॉक्समॉक्सच्या स्क्रीनवर नोडच्या एकूण वाहतुकीचा आलेख छान दिसतो, पण चुकलेली आणि टाकून दिलेली पॅकेट त्यात वेगळी दिसत नाहीत. त्यासाठी कमांडच्या काळ्या खिडकीतच जावं लागतं.

हे दोन टप्पे पार झाले की मगच तक्रारीतली व्हीएम. आणि इथे प्रॉक्समॉक्स खरंच आवडायला लागतं.

अलीकडचं एक उदाहरण सांगते. एक व्हीएम लाइव्ह मायग्रेशनने, म्हणजे बंद न करता, दुसऱ्या नोडवर नेली आणि तिचा संपर्क तुटला. परत जुन्या नोडवर आणली की चालू. मायग्रेशननंतर व्हीएम चालवणारं क्यूईएमयू स्वतःच व्हीएमच्या मॅक पत्त्याची घोषणा नेटवर्कवर करतं, म्हणजे स्विचला नवी जागा कळते. त्यामुळे एखाददुसरा पिंग चुकणं मी धरून चालते, कायमचं गप्प होणं नाही. नव्या नोडवर पॅकेट पकडणारं टीसीपीडंप लावलं. प्रॉक्समॉक्समध्ये व्हीएमचं प्रत्येक नेटवर्क कार्ड नोडवर स्वतंत्र इंटरफेस म्हणून उभं असतं. १०० नंबरच्या व्हीएमचं पहिलं कार्ड म्हणजे 'टॅप १०० आय ०'. फायरवॉल चालू असेल तर त्याच्यापुढे 'एफडब्ल्यूबीआर' हा छोटा ब्रिज (सॉफ्टवेअरमधला स्विच), मग 'एफडब्ल्यूएलएन' आणि 'एफडब्ल्यूपीआर' ही जोडी, मग मुख्य ब्रिज 'व्हीएमबीआर ०', मग बाँड, मग खरं कार्ड. नावांतच व्हीएमचा नंबर असल्यामुळे शोधाशोध करावी लागत नाही.

टॅपवर ऐकलं तर व्हीएम गेटवेचा पत्ता विचारत होती. एआरपीचा, म्हणजे आयपीवरून मॅक पत्ता विचारणारा, प्रश्न जातोय, उत्तर येत नाही. म्हणजे व्हीएमच्या आतलं सेटिंग ठीक. फायरवॉलच्या पलीकडे ऐकलं, तोच प्रश्न तिथेही पोचलेला. फायरवॉल सुटली. मग थेट खऱ्या कार्डावर, हेडर दाखवायला सांगून. प्रश्न बाहेर पडत होता आणि त्याच्यावर व्हीलॅन ४० चा (एकाच तारेवरच्या वेगळ्या आभासी नेटवर्कचा) टॅग नीट लागलेला होता. उत्तर म्हणून एकही पॅकेट नाही. 'ब्रिज व्हीलॅन शो' मध्येही ४० दिसत होता. आता आमच्या बाजूला पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं. पॅकेट टॅगसकट नोडच्या बाहेर गेलं होतं. तेवढं टिपण स्विच सांभाळणाऱ्यांना पाठवलं. त्या पोर्टच्या ट्रंकवर (अनेक व्हीलॅन नेणाऱ्या जोडणीवर) ४० नंबर दिलेलाच नव्हता. त्यांनी तो टाकला आणि पुढच्याच एआरपीला उत्तर आलं.

'आमच्याकडून सगळं बरोबर आहे' असं म्हणणं आणि 'हे पॅकेट, या टॅगसह, या कार्डातून बाहेर पडलं' असं दाखवणं, यात दोन टीमच्या संबंधांचा फरक पडतो. पहिल्याने भांडण होतं, दुसऱ्याने काम होतं. दुसरं वाक्य म्हणायची सोय मला प्रॉक्समॉक्स देतं, कारण मधे काहीही झाकलेलं नाही. व्हीएमवेअरमध्येही पॅकेट पकडता येतात, व्हीएमकेपिंग आहे, पीकेटीकॅप आहे, आणि ती साधनं चांगली आहेत. पण ती शिकावी लागतात. इथे लिनक्सचं नेटवर्किंग येणाऱ्या माणसाला नवं काही शिकावं लागत नाही.

याच कामातली एक बारीकशी सोय मला फार आवडते. ८.१ पासून नव्या व्हीएमचे मॅक पत्ते आपोआप 'बीसी:२४:११' ने सुरू होतात. हे आकडे कंपनीच्या नावावर नोंदवलेले आहेत. स्विचच्या मॅक टेबलात नजर टाकली की कुठलं यंत्र खरं आणि कुठलं व्हीएम, ते चटकन ओळखू येतं. एकच आयपी दोघांनी घेतल्याचा गोंधळ सोडवताना याचा मला प्रत्यक्ष उपयोग होतो.

फायरवॉलबद्दल एवढंच, की ती डेटासेंटर, नोड आणि व्हीएम अशा वेगवेगळ्या पातळ्यांवर लागते, आणि डेटासेंटरवर चालू केल्याशिवाय खालचं काहीही लागू होत नाही. चालू केल्यावर आत येणारी वाहतूक मुळातच अडवली जाते. आपल्याच जवळच्या नेटवर्कवरून ८००६ आणि एसएसएच खुलं राहतं, नोडनोडमधली कोरोसिंकची वाहतूकही. लांबून काम करणाऱ्यांनी आधी नियम लिहावा, मग बटण दाबावं.

आता बदल करण्याविषयी, कारण निम्मे बिघाड दुरुस्तीच्या हातूनच होतात. नेटवर्कच्या पानावर केलेला बदल लगेच लागू होत नाही. तो वेगळ्या फाइलीत थांबतो, जुन्या-नव्यातला फरक खाली ओळीओळीने दिसतो, आणि 'अप्लाय' म्हटल्यावर इफअपडाउन२ मार्फत नोड बंद न करता लागू होतो. हा फरक दाखवणारा चौकोन मी दर वेळी पूर्ण वाचते. उणीव अशी की चुकीचा बदल लागू झाला आणि नोड हाताबाहेर गेला तर तो आपणहून मागे फिरत नाही. व्हीस्फिअरमध्ये बदलामुळे होस्टचा व्हीसेंटरशी संपर्क तुटला तर जुनं सेटिंग आपोआप परत येतं. ही सोय प्रॉक्समॉक्सने लवकरात लवकर आणावी असं मला मनापासून वाटतं. तोवर माझा शिरस्ता असा: सर्व्हरचा स्वतंत्र मॅनेजमेंट कन्सोल उघडा ठेवायचा, आणि जुनी फाइल परत ठेवून नेटवर्क रीलोड करणारं काम काही मिनिटांनंतरसाठी लावून ठेवायचं. बदल नीट बसला तर ते काम रद्द करायचं.

स्विचचं नियोजित काम असेल आणि हाय अव्हेलेबिलिटी चालू असेल, तर क्वोरम शाबूत असतानाच सगळ्या नोडवर आधी एलआरएम आणि मग सीआरएम या हाय अव्हेलेबिलिटी सांभाळणाऱ्या सेवा थांबवायच्या. व्हीएम चालूच राहतात, वॉचडॉग मात्र शांत होतो. काम संपून लिंक स्थिर झाल्यावर दोन्ही सुरू करायच्या. आणि क्वोरम गेल्यावर अपेक्षित मतं १ करून टाकायचा उपाय जो इंटरनेटवर जागोजागी सापडतो, तो बाकीचे नोड खरोखर बंद आहेत याची स्वतः खात्री केल्याशिवाय वापरू नये. ते नुसते दिसत नसतील आणि तिकडे चालू असतील, तर एकच डिस्क दोन ठिकाणांहून लिहिली जाऊ शकते. दोनच नोड असणाऱ्यांनी तिसऱ्या मतासाठी क्यूडिव्हाइस, म्हणजे फक्त मत देणारा बाहेरचा साक्षीदार, लावावं. त्याला एखादं लहानसं यंत्रही चालतं.

एसडीएन, म्हणजे सगळ्या क्लस्टरचं नेटवर्क एकाच जागेवरून आखायची सोय, ८.१ मध्ये पूर्णपणे आत आलं. व्हीलॅनचे झोन मी वापरते आणि त्यांनी काम हलकं केलं आहे, कारण प्रत्येक नोडवर तेच तेच लिहावं लागत नाही. ईव्हीपीएनचे झोन घ्यायचे तर बीजीपी (पॅकेटचे मार्ग ठरवणारा प्रोटोकॉल) येणारं माणूस टीममध्ये हवं. नाही तर बिघाडाच्या वेळी पाहायच्या थरांत आणखी एक भर पडते.

घेण्याआधी सपोर्टचं गणित नीट पाहा. सॉफ्टवेअर फुकट चालतं, पण तिकीट टाकायची सोय सगळ्यांत खालच्या 'कम्युनिटी' वर्गणीत नाही. ती 'बेसिक'पासून सुरू होते. प्रीमियममध्ये पहिलं उत्तर दोन तासांत, स्टँडर्डमध्ये चार तासांत, पण हे तास कंपनीच्या कामकाजाच्या दिवसातले. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी क्वोरम गेला तर तो टीममधल्याच कुणाला तरी परत आणावा लागतो. लिनक्सच्या नेटवर्किंगवर हात बसलेलं असं एक तरी माणूस तुमच्याकडे असेल तर प्रॉक्समॉक्स जरूर घ्या. नसेल तर आधी ते माणूस शोधा किंवा तयार करा, आणि सुरुवातीलाच एक क्लस्टर केवळ बिघडवण्यासाठी उभा करून त्याच्या हाती द्या. त्याने तारा काढाव्यात, एमटीयू चुकवावा, ट्रंकवरून व्हीलॅन काढावी, आणि लाल फुली कधी येते, करडं प्रश्नचिन्ह कधी येतं ते स्वतः बघावं.